इटलीचं नाइटहुड म्हणजे त्यांचं भारतरत्न? जरा दमानं घ्या

मिलानकर:
काल इथे एकाने पोस्ट टाकली. परिचयातल्या गृहस्थांना इटलीने 'काव्हालिएरे' (म्हणजे नाइट) केलं, हा तिथला सर्वोच्च नागरी सन्मान, म्हणजे त्यांचं भारतरत्नच. आणि शेवटी नेहमीचं शेपूट, 'तिकडे वशिला चालत नाही, आपल्याकडे मात्र…' खाली अभिनंदनाच्या गुच्छांची रांग.

गृहस्थांचं अभिनंदन माझ्याकडूनही. पण 'सर्वोच्च' वाचून डोकं उठलं. १९५१च्या कायद्याने निघालेल्या या प्रजासत्ताकाच्या ऑर्डरला, म्हणजे सन्मानश्रेणीला, पाच पायऱ्या आहेत. तळाला काव्हालिएरे, मग उफिचाले, कोमेंदातोरे, ग्रांदे उफिचाले आणि वर काव्हालिएरे दी ग्रान क्रोचे. त्याच्याही वरचा मोठा पट्टा राष्ट्रप्रमुख वगैरे मंडळींसाठी. ऑर्डर सर्वोच्च असेल हो, गृहस्थ पहिल्या पायरीवर आहेत. पुणे विद्यापीठात शिकलेला प्रत्येकजण कुलगुरू होत नाही.

यादी वर्षातून दोनदा निघते, २ जून आणि २७ डिसेंबर. दरवर्षी काही हजार नावं. आमच्या गल्लीतला निवृत्त पोलीस काव्हालिएरे आहे, रक्तदानवाल्यांचा खजिनदारही आहे. नावं सुचवली जातात, वर पाठवली जातात. आता वशिला म्हणजे नेमकं काय, ते पोस्टकर्त्याने सांगावं.

स्पष्टवक्ती:
एवढी जळजळ कशाला? खालची पायरी म्हणून हिणवायचं?

मी विचेंझाजवळ स्कियोत चार वर्षं भाड्याने राहिले. घरमालकीणबाई ऐंशीच्या. त्यांचे वडील १८९९चे, म्हणजे पहिल्या महायुद्धात शेवटी शेवटी ज्यांना कोवळ्या वयात ओढून नेलं त्या 'नव्व्याण्णवच्या पोरां'पैकी. स्वयंपाकघरात ओट्याशेजारच्या खणात, रबरबँड आणि जुन्या चाव्यांच्या खाली, बिस्किटाच्या डब्यात त्यांचा क्रॉस. अंगठ्याएवढा, फीत कडेने विरलेली. बाई तो हातात देताना आधी पदर, म्हणजे ॲप्रनला हात पुसायच्या. म्हणाल्या, वडिलांना पत्र आलं तेव्हा ते गोठ्यात होते, वाचून खिशात ठेवलं आणि दूध काढायला बसले. ती पहिली पायरीच होती, मिलानकर. तिच्यावर बसून तुम्ही विनोद करताय.

मिलानकर:
ताई, गोष्ट छान आहे, पण ऑर्डर चुकली. तुम्ही म्हणताय ती व्हित्तोरिओ व्हेनेतो. १९६८ची, फक्त पहिल्या महायुद्धातल्या आणि त्याआधीच्या युद्धांतल्या सैनिकांसाठी, सोबत वर्षाला साठ हजार लिरा. शेवटचा मानकरी २००८ मध्ये गेला. तिचा या ऑर्डरशी संबंध नाही.

स्पष्टवक्ती:
बरं, चुकली. बाईंना फोन करून सांगते, की मिलानहून दुरुस्ती आली आहे.

सांगलीचा बंडू:
मला येवढंच विचारायचंय, इटलीचा पंतप्रधान होता त्या बर्लुस्कोनीला 'काव्हालिएरे' म्हणायचे तो यातलाच का? कारण मग आमच्या मामाची बाजू भक्कम होते.

मामांनी पैसे भरून 'नाइट' होऊन घेतलं. खरंच. मुंबईत हॉटेलात कार्यक्रम, काळा झगा, खांद्यावर तलवार टेकवणारा एक गोरा, आणि मागे पडद्यावर आठ टोकांचा माल्टाचा क्रॉस. परत आले ते लेटरहेडवर 'सर' छापूनच. लग्नपत्रिकेतसुद्धा 'सर' आलं, मामी रुसली की मग मी 'लेडी' का नाही. संस्थेचं नाव सांगत नाही, मामा इथं वाचतात.

अर्धा कप:
बंडू 😂 बर्लुस्कोनी वेगळा. तो काव्हालिएरे देल लाव्होरो, उद्योगधंद्यासाठीची ऑर्डर, १९०१ची, वर्षाला फक्त २५ जण. त्याला १९७७ मध्ये मिळाली. २०१३ मध्ये करचुकवेगिरीची शिक्षा कायम झाली, तेव्हा काढून घेणार अशी कुजबुज होती. २०१४ मध्ये त्याने स्वतःच स्वतःला निलंबित करून घेतलं. बाहेर काढण्याआधी राजीनामा देणं आपल्याकडेही जमतं.

आणि मामांचा प्रकार इटलीत केला असता तर संयोजक आत गेले असते. त्याच १९५१च्या कायद्यात खाजगी लोकांनी किताब वाटणं गुन्हा आहे. खऱ्या माल्टा ऑर्डरचं, म्हणजे नाइटांच्या जुन्या कॅथलिक संस्थेचं, मुख्यालय रोममध्ये व्हिया कोंदोत्तीवर आहे, ती क्रॉस विकत बसत नाही.

कलमबहाद्दर:
कुणी मूळ मुद्द्याकडे येणार का? भारतीय नागरिकाने परदेशी राज्याचा किताब घ्यायचाच नाही, घटनेचं कलम १८(२).

अर्धा कप:
'किताब' म्हणजे टायटल. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पद्म पुरस्कार म्हणजे टायटल नव्हे असं सांगितलं, फक्त नावाच्या मागेपुढे लावू नका म्हणाले. तोच न्याय इथे लावा. कबीर बेदींना २०१० मध्ये काव्हालिएरे केलं, 'सांदोकान' या टीव्ही मालिकेमुळे. ते स्वतःला 'सर कबीर' म्हणवत फिरले नाहीत.

त्रिएस्तेवाला:
पायऱ्या मोजून झाल्या असतील तर मुळातली लाज बोलूया. सगळ्यात वरचा मोठा पट्टा २०१० मध्ये बशर अल-असदला दिला. २०१२ मध्ये सिरियात रक्ताचे पाट वाहिल्यावर काढून घेतला. आणि युगोस्लाव्हियाच्या टिटोला १९६९ मध्ये दिलेला आजतागायत तसाच, कारण मेलेल्याचा काढून घ्यायची सोय नव्हती म्हणे. मी बारा वर्षं इथे त्रिएस्तेत राहतो. शेजारच्या आजोबांचे वडील मे १९४५ मध्ये टिटोच्या सैनिकांनी घरातून नेले ते परत आले नाहीत. कार्स्टच्या खड्ड्यांत टाकलेली माणसं विसरून तुम्ही हवालदाराच्या क्रॉसवर हसताय!

कलमबहाद्दर:
आजोबांच्या वडिलांबद्दल वाईट वाटतं. पण गोष्ट १९४५ पासूनच का सुरू करायची? १९४१ मध्ये इटलीने ल्युब्लियाना, म्हणजे आजच्या स्लोव्हेनियाची राजधानी, घेतलं, शहराभोवती काटेरी तारा घातल्या, राब बेटावरच्या छावणीत बायकापोरं उपाशी मारली. त्याचं बोला.

त्रिएस्तेवाला:
आलं, आलं. 'आधी तुम्ही' सुरू झालं. मी टिटोच्या पट्ट्याबद्दल बोललो, मुसोलिनीचं वकीलपत्र घेतलेलं नाही. घरबसल्या शिकवू नका.

कलमबहाद्दर:
घरबसल्या नाही, मीही तुमच्याच शहरात दोन वर्षं काढली आहेत. त्रिएस्तेत राहून तुम्ही फक्त बाझोव्हित्साच्या त्या खड्ड्यापाशीच जात असाल तर दोष माझा नाही.

मिलानकर:
धागा नाइटहुडचा होता…

त्रिएस्तेवाला:
नाइटहुडचंच बोलतोय. १३ जुलै २०२०, बाझोव्हित्साच्या खड्ड्यापाशी इटलीचे अध्यक्ष मात्तारेल्ला आणि स्लोव्हेनियाचे अध्यक्ष हातात हात धरून उभे होते. मी बघायला गेलो होतो, पोलिसांनी फार लांब अडवलं. त्याच दिवशी शहरात बोरिस पाहोर या स्लोव्हेन लेखकाला ग्रान क्रोचे दिला. वय १०६. फासिस्टांनी स्लोव्हेनांचं नारोदनी दोम हे सांस्कृतिक केंद्र जाळलं ते त्याने सहा वर्षांचा असताना पाहिलेलं, बरोबर शंभर वर्षांपूर्वी. तो क्रॉस पाहून माझा राग जरा निवला होता. आज तुम्ही परत पेटवलात.

कलमबहाद्दर:
पाहोरचं मला माहीत नव्हतं. हे चांगलं केलं त्यांनी. (टिटोवर माझं मत तेच.)

स्पष्टवक्ती:
हे असलं वाचायला मी थांबले होते. नाहीतर 'सिगार आणि नाइटचा क्रॉस कुणालाच नाकारू नये' ही जुनी इटालियन म्हण मीही ऐकली आहे, मिलानकर. कुणी ती राजाच्या नावावर खपवतं, कुणी पंतप्रधान जोलित्तीच्या. आमच्या मालकीणबाईंचीही तीच आवडती म्हण. ती म्हणून झाल्यावर त्या डबा परत खणात ठेवायच्या, चाव्यांच्या खाली.

मिलानकर:
ठीक. 'पहिली पायरी' हे हिणवून लिहिलं गेलं, मागे घेतो. 'भारतरत्न' मात्र घेणार नाही. पोस्टकर्ते अजून गायब आहेत.

सांगलीचा बंडू:
मामांचा फोन आला. विचारतायत, व्हिया कोंदोत्तीला पत्र मराठीत लिहिलं तर चालेल का.