झोपेत पॅनिक अटॅक येतात आणि आता झोपायचीच भीती बसली आहे : मदत हवी आहे

नमस्कार. मी ४३ वर्षांची असून नाशिकरोडला राहते आणि एका माध्यमिक शाळेत शिकवते. गेल्या पाच महिन्यांत मला सहा वेळा झोपेत पॅनिक अटॅक आला. ज्यांना स्वतःला किंवा घरात कोणाला हा त्रास झाला आहे, त्यांच्याशी बोलता यावे म्हणून हा धागा काढत आहे.

प्रकार दर वेळी साधारण एकच असतो. साडेदहाला पाठ टेकली, की बारा-साडेबाराच्या सुमारास, कोणतेही स्वप्न पडत नसताना, मी दचकून उठून बसते. छातीत धडधडत असते, दरदरून घाम फुटलेला असतो, श्वास पुरत नाही आणि बोटांना व ओठांभोवती मुंग्या येतात. आपण आता वाचत नाही, एवढेच मनात असते. पंधरा-वीस मिनिटांत सगळे ओसरते, पण सकाळी त्यातला क्षण न् क्षण लख्ख आठवतो.

पहिल्या वेळी हृदयविकाराचा झटका समजून पतींनी मला रात्रीच रुग्णालयात नेले. ईसीजी व्यवस्थित आला, आणि "काही झालेले नाही, टेन्शन घेऊ नका" एवढे सांगून आम्हाला घरी पाठवले गेले. पुढच्याच आठवड्यात तेच पुन्हा झाले, तेव्हा त्या वाक्याने मला फार एकटे पाडले. नंतर आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), थायरॉईड आणि साखर तपासली, आम्लपित्ताची चौकशी केली आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. झोप हलक्या टप्प्यातून गाढ टप्प्याकडे उतरत असताना असा झटका येऊ शकतो, तो दुःस्वप्नाचा भाग नसतो, आणि भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन मुंग्या येतात, हे मला तिथे पहिल्यांदा कोणी नीट समजावून सांगितले.

झटका आल्यावर काय करायचे, हे आता बऱ्यापैकी जमते. मी पलंगाच्या कडेला बसून दोन्ही पाय थंड फरशीवर टेकवते, चार आकड्यांत श्वास घेऊन सहा आकड्यांत सोडते आणि घड्याळाकडे बघत नाही; दूरवर मालगाडी जात असली तर तिचा आवाज संपेपर्यंत ऐकत राहते. झटक्याशी झगडले की तो लांबतो, येऊ दिला की लवकर उतरतो, असा माझा अनुभव आहे. समुपदेशक ताई सीबीटी पद्धतीने, म्हणजे भीती वाढवणारे विचार आणि सवयी हळूहळू बदलत, काम करतात. त्या मला दिवसा मुद्दाम जिने भराभर चढायला लावतात, म्हणजे धडधड आणि धाप यांची भीती कमी व्हावी. हा व्यायाम मला सर्वांत अवघड गेला, आणि सर्वांत उपयोगाचाही तोच वाटतो आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. रात्रीचे दहा वाजले की पोटात गोळा येतो. अंथरुणावर जाणे टाळण्यासाठी मी एक-एक वाजेपर्यंत वह्या तपासत बसू लागले, जागे राहायला चहा घेऊ लागले, आणि अपुरी झोप व चहा या दोन्हींमुळे त्रास वाढू शकतो हे कळूनही ते सुटायला दोन महिने लागले. आता दुपारी दोननंतर चहा बंद आहे आणि उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच ठेवली आहे. भीती मात्र जात नाही. डिसेंबरमध्ये शाळेचे मुक्कामी शिबिर आहे. इतर बाईंसोबत एका खोलीत झोपावे लागेल म्हणून मी नकार दिला आणि वर्गातल्या मुलींना कारण सांगू शकले नाही, याची फार रुखरुख लागली आहे.

झोपण्यापूर्वीची ही धास्ती तुमची कशी कमी झाली आणि त्याला किती काळ लागला? घरच्यांनी त्या पंधरा मिनिटांत नेमके काय करावे? सध्या पती सगळे दिवे लावतात, आणि सासूबाई मीठ-मोहरी घेऊन दृष्ट काढायला येतात. त्यांची माया मला कळते, पण त्या गडबडीने मी अधिक घाबरते, आणि त्यांना न दुखावता हे कसे सांगावे ते सुचत नाही. मी घोरते, म्हणून झोपेत श्वास अडतो का हे पाहण्यासाठी डॉक्टरांनी स्लीप स्टडी सुचवली आहे. नाशिकमध्ये कोणी ती करून घेतली असल्यास, अंगाला तारा लावलेल्या असताना झोप कशी लागली तेही सांगावे.

औषधांची नावे किंवा प्रमाण कृपया सुचवू नये, ते मी माझ्या डॉक्टरांशीच ठरवीन. हे वाचणाऱ्या कोणाला असाच त्रास असेल आणि रात्री बोलायला कोणी नसेल, तर शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीतून बोलता येते.

शिबिराला नकार दिला असला, तरी तो बदलून होकार कळवायला अजून तीन आठवडे आहेत. घराबाहेर, परक्या खोलीत झोपण्याची पहिली रात्र तुमच्यापैकी कोणी कशी काढली, हे मला सर्वांत आधी वाचायचे आहे.