पेरूमधलं हे अवाढव्य झाड घायपात आहे का?

डोंगरवेडी:
भाचा पेरूत फिरतोय, वास्करान नॅशनल पार्कमधून फोटो पाठवलेत त्याने. खाली काटेरी पानांचा भलामोठा गोळा आणि त्यातून सरळ वर गेलेला जाडजूड दांडा, फुलांनी गच्च भरलेला, शेजारी उभा असलेला भाचा अगदीच चिल्लर दिसतोय. गाडीवाला म्हणाला हे शंभर वर्षांतून एकदाच फुलतं आणि मरतं. मला तर घायपातच वाटतोय, बांधावरचा आपला घायपातही एकदा फुलला की संपतोच ना? आणि बी मागवलं तर पुण्यात टेरेसवर येईल का?

रानभूल:
नाही हो ताई, ही पुया रायमोंदी. अननसाच्या घराण्यातली, म्हणजे ब्रोमेलियाड, आणि त्या अख्ख्या घराण्यात सगळ्यात मोठी. फुलोऱ्यासकट १० मीटरच्या आसपास जाते. फोटो झूम करून बघा, घायपाताच्या दांड्याला वरती आडव्या फांद्या फुटतात आणि फुलं त्यांच्या टोकाला झुबक्यांनी येतात, इथे तसं नाही, दांडा खालपासून शेंड्यापर्यंत भरलेला असतो. पानंही घायपातासारखी गरदार नसतात, अरुंद आणि ताठ, कडेला वाकडे आकडे. फूल उघडून बघायला मिळालं तर प्रश्नच मिटतो, घायपाताचं अंडाशय पाकळ्यांच्या खाली असतं, पुयाचं वर. मुख्य म्हणजे घायपाताला बुडाशी पिल्लं येतात, हिला येत नाहीत, सगळी भिस्त बियांवर. फुलं हजारोंनी आणि बी लाखोंनी, बारीक, पंखवाली, वाऱ्यावर जाणारी. एवढं केलं की झाड वाळतं.

बियाणेवाला:
शंभर वर्षं हा आकडा सगळीकडे फिरतो पण तो ठोकताळा आहे, ८० ते १०० म्हणतात. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये १९५८ला लावलेलं झाड १९८६ला फुललं होतं, म्हणजे २८ वर्षांत. तिथे थंडीचा एवढा मार नाही. अँडीजमध्ये हे ३२०० ते ४८०० मीटरवर वाढतं, दिवसा कडक ऊन आणि रात्री गोठवणारी थंडी, मग वाढ हळूच होणार ना.

डोंगरवेडी:
बापरे २८ वर्षं पण कमी नाहीत 😀 खोडाला वाळक्या पानांचा घागरा आहे तो कशाला? भाचा म्हणतोय काही झाडं काळी पडलेली दिसली.

रानभूल:
जुनी पानं गळत नाहीत, खोडाला तशीच चिकटून राहतात, थंडीपासून बचाव. आणि नेमकी तीच पेट घेतात. गवत नवीन यावं म्हणून आग लावतात ती पसरते, शिवाय काट्यांत मेंढरं अडकतात म्हणून मेंढपाळ मुद्दाम जाळतात असंही आहे. पक्षीसुद्धा अडकून मेलेले सापडलेत, त्यांच्यापासून झाडाला खत मिळत असावं असा अंदाज काहींनी मांडलाय, मला तो जरा ताणलेला वाटतो. खरी काळजी वेगळीच, पेरूतल्या झाडांची जनुकं तपासली तर विविधता फारच कमी निघाली, काही ठिकाणची झाडं तर एकमेकांची कॉपी म्हणावी इतकी सारखी. रोग आला किंवा हवामान बिघडलं तर सगळ्यांचं एकदमच वाजणार. धोक्यात असलेल्यांच्या जागतिक यादीत आहे ती.

बियाणेवाला:
आणि बियांचं म्हणाल तर भाच्याला सांगा नॅशनल पार्कमधून काहीही खिशात घालू नको, आणि परदेशातलं बी परमिटशिवाय आणताही येत नाही. पुण्याच्या पावसात कुजेलच वर. ब्रोमेलियाडच हवं असेल तर नर्सरीतून टिलँडसिया घ्या, माती लागत नाही, आणि संपताना बुडाशी पिल्लंही देतं.