स्टिक थरथरते म्हणून डेडझोन वाढवायचा, हे मला पटत नाही

उंचीमापक:
फ्लाइट सिममध्ये (संगणकावर विमान उडवायचं सॉफ्टवेअर) स्टिकवरचा हात सोडला तरी विमान झुकतंय असं कुणी म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: डेडझोन वाढव, म्हणजे मध्याजवळचा ज्या पट्ट्यात स्टिक हलली तरी सिम दुर्लक्ष करतं तो पट्टा मोठा कर. माझ्या मते हा सल्ला सगळ्यात शेवटी द्यायचा.

गेल्या महिन्यात माझ्याच स्टिकला हे झालं. पाच वर्षं वापरलेली, पोटेन्शिओमीटरवाली (स्टिक किती झुकली ते मोजणारा घासता सेन्सर). विंडोजच्या कॅलिब्रेशनमध्ये 'डिस्प्ले रॉ डेटा'वर (सेन्सरचे कच्चे आकडे) खूण केली आणि स्टिक मोकळी सोडून नुसता बघत बसलो. आडव्या अक्षाचा आकडा मध्याच्या ५१२ वर स्थिर राहायला हवा, तो ५०८, ५१५, ४९७, मध्येच ५४०. डेडझोन १० टक्के केला असता तर हे सगळं झाकलं गेलं असतं. पण १०२४ पायऱ्यांच्या अक्षावर १० टक्के म्हणजे मध्याच्या दोन्ही अंगांना पन्नासेक पायऱ्या मेल्या. उतरताना मध्यरेषा धरायला पंख किंचित उचलायचा असतो, तेव्हा हात नेमका तिथेच असतो. स्टिक ढकलतोय, काही होत नाही, अजून ढकलतो आणि एकदम पंख पडतो. मग आपण म्हणतो सिम खराब आहे.

मी तळाचे स्क्रू काढले, पोटेन्शिओमीटरच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा मारला, स्टिक पन्नास वेळा या टोकाहून त्या टोकाला नेली, पूर्ण वाळू दिली. आकडा आता ५११ ते ५१३.

जुना_वैमानिक:
असहमत. आणि नवीन लोक हे वाचून स्क्रूड्रायव्हर घेऊन बसतील याची काळजी वाटते.

पोटेन्शिओमीटरमध्ये कार्बनचा पट्टा असतो, त्यावर एक बारीक संपर्क घासत फिरतो. स्टिक सर्वांत जास्त वेळ मध्यावर असते, म्हणून पट्टा तिथेच झिजतो. धूळ असेल तर फवाऱ्याने निघते, झिजलेला कार्बन परत येत नाही. तुमचा आकडा आज छान दिसतोय, दोन महिन्यांनी पुन्हा बघा.

मी भाच्याची स्टिक अशीच उघडली होती. दांड्यातून ट्रिगरकडे जाणाऱ्या वायरी केसाएवढ्या. झाकण उचलताना एक तुटली, आणि थरथर घालवायला बसलेला मी ट्रिगर घालवून बसलो. ३ टक्के डेडझोन ठेवला असता तर पोरगं त्याच संध्याकाळी उडत होतं.

उंचीमापक:
वायरीचं मान्य. झाकण ओढायचं नाही, आधी थोडंसं उचलून आत डोकावायचं, हे मी लिहायला हवं होतं. पण तुम्ही ३ टक्के म्हणताय. लोक १० वर थांबत नाहीत, १५-२० करतात.

रोटर_आणि_मी:
हेलिकॉप्टरवाल्यांच्या वतीने: डेडझोन शून्य. हॉव्हरमध्ये, म्हणजे हवेत एका जागी थांबताना, सायक्लिक (हेलिकॉप्टर झुकवायचा दांडा) मध्यावर नसतोच, तो थोडा बाजूला धरून ठेवावा लागतो आणि तिथून सतत बारीक बारीक दुरुस्ती चालते. दुसरं म्हणजे डेडझोन फक्त मध्यावरची थरथर झाकतो. पट्टा बाजूला खरवडला असेल तर तिथला झटका येणारच. ५४० सारखा आकडा मध्यापासून लांब कुठे उडी मारतोय ते स्टिक अगदी सावकाश फिरवून बघा.

मध्यावरची स्प्रिंग मऊ केल्यावर माझा हॉव्हर जेवढा सुधारला, तेवढा कुठल्याही सेटिंगने सुधारला नाही.

जुना_वैमानिक:
प्रवासी विमान उडवणाऱ्याने स्प्रिंग मऊ करू नये, एवढं तरी लिहा.

चुंबक:
दोन्ही बाजू एकच गोष्ट धरून भांडताहेत. थरथर वेगळी आणि मध्य सरकणं वेगळं. स्टिक डावीकडे नेऊन हळूच सोडा, आकडा लिहा. मग उजवीकडून. डावीकडून ५००, उजवीकडून ५२४ आणि दोन्ही आकडे स्थिर, तर सेन्सर निर्दोष आहे. स्टिकच्या बैठकीत ढिलेपणा (खेळ) आहे किंवा ग्रीस सुकलंय. क्लीनर मारून काही होणार नाही. जुनं ग्रीस पुसून प्लास्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस अगदी पातळ लावायचं. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे तिथे नको, त्यावर धूळ बसते. एवढं करूनही जो फरक उरतो, तेवढ्यापुरता डेडझोन हवाच. त्यात लाज कसली?

हॉल सेन्सरवाल्यांनी (चुंबकावरून स्टिकची जागा ओळखणारा सेन्सर) तर फवारा विसराच. तिथे घासणारं काही नसतं. मध्य सरकला तर चुंबकाचा गोंद सुटलाय का बघा.

आणि हे जवळजवळ प्रत्येकाकडे सापडतं: एक डेडझोन स्टिकच्या सॉफ्टवेअरमध्ये, दुसरा सिममध्ये. दोन्ही एकावर एक लागतात आणि माणूस म्हणतो स्टिक मंद झाली.

उंचीमापक:
तुमची चाचणी आत्ता केली. डावीकडून ५०९, उजवीकडून ५१६. म्हणजे साफ केल्यावरही सात पायऱ्यांचा खेळ आहेच. डेडझोन १ टक्का ठेवला, दोन्ही आकडे त्यात बसतात. जुना_वैमानिक, हा १ टक्का तुमच्या बाजूने धरा. पण हा आकडा मला मोजून मिळाला, अंदाजाने नाही, आणि मोजायच्या आधी थरथर घालवावीच लागली.

जुना_वैमानिक:
मोजून ठेवलेल्या डेडझोनला माझा विरोध कधीच नव्हता. उघडण्याला आहे, आणि तो कायम आहे. दोन महिन्यांनी रॉ डेटा इथेच टाका.