कांदा पट्टा खरंच कांद्यावर मत देतो का? दिंडोरीचे 2024 चे दोन निकाल

निफाडचा शेतकरी:
लोकसभेला आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीत भाजपच्या भारती पवार केंद्रात राज्यमंत्री असून पडल्या. 2019 ला त्याच जवळपास दोन लाखांनी आलेल्या. शरद पवार गटाच्या भास्कर भगरे सरांनी लाखावर लीड घेतलं, आणि तेही नावात भगरेच असलेल्या एका अपक्षाला त्यांच्या 'तुतारी वाजवणारा माणूस'सारखंच तुतारी चिन्ह मिळून लाखभर मतं तिकडे गेलेली असताना. मग नोव्हेंबरात विधानसभा, तर याच लोकसभेत येणाऱ्या नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड, दिंडोरी सहाच्या सहा जागा महायुतीला. आता जो तो म्हणतो शेतकरी कांदा विसरला, विकला गेला. हे मला अजिबात पटत नाही. डिसेंबर 2023 ची निर्यातबंदी दिल्लीने लावली, म्हणून दिल्लीला जाणाऱ्या उमेदवाराला जाब विचारला. आमदाराकडे आपण जातो ते विजेच्या जळालेल्या डीपीसाठी, पाटाच्या पाण्याच्या आवर्तनासाठी, रस्त्यासाठी. ज्याच्या हातात जे आहे त्याचा हिशोब त्याच्याकडे, यात विसरणं कुठं आलं?

सुरगाण्याचा पोऱ्या:
दादा तुम्ही निफाड-लासलगाव म्हणजेच दिंडोरी धरून चाललात. मतदारसंघ एसटी राखीव आहे, सुरगाणा-पेठ पण यातच येतं, आणि आमच्याकडे भात-नागली, कांदा नावाला. आमचं मत वनजमिनीच्या दाव्यावर जातं. 2018 ला नाशिकहून मुंबईला लाँग मार्च चालत गेला तो सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून. 2019 ला माकपच्या गावितांना लोकसभेला लाखावर मतं होती, 2024 ला त्यांनी माघार घेऊन भगरे सरांना पाठिंबा दिला. ती मतं कुणाच्या खात्यात टाकायची, कांद्याच्या? दरवेळी सगळं श्रेय कांद्याला देता आणि आमचं नाव पण निघत नाही याचा राग येतो खरंच.

चांदवडची सून:
विधानसभेचं कोणी नीट बोलतच नाहीये म्हणून लिहिते. कांदा निंदायला आम्ही, काढायला आम्ही, साठवणीच्या चाळीत सडका निवडायला पण आम्हीच, आणि मार्केटची विक्रीची पट्टी फाटते मालकाच्या नावावर. त्यातला रुपया मागायचा तर कारण सांगावं लागतं. ऑगस्ट 2024 पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला दीड हजार स्वतःच्या खात्यात यायला लागले, ते कुणाला विचारून खर्च करावे लागत नाहीत. आमच्या घरात मे महिन्यात सगळ्यांचं मत एक होतं, नोव्हेंबरात नव्हतं, आणि आजूबाजूला पण तेच ऐकलं. याला कोणी विकलं गेलं म्हणत असेल तर त्याने आधी घरातल्या बाईच्या हातात वर्षभरात किती पैसे ठेवले ते सांगावं.

येवलेकर:
ताईंचं बरोबर आहे पण अर्धंच. लासलगाव तालुक्याने निफाडचं असलं तरी विधानसभेला येवल्यात आहे, म्हणजे कांद्याची सगळ्यात मोठी बाजारपेठ भुजबळांच्या मतदारसंघात, आणि तिथं नोव्हेंबरात चर्चा भावाची नव्हतीच, मराठा-ओबीसी हीच होती. गावात बसायचे ओटे वेगळे झाले होते, कांदा दोन्ही ओट्यांवर सारखाच पिकतो तरी. म्हणून मी म्हणतो भाव पडलेला असला तरच हा पट्टा शेतकरी म्हणून मत देतो, भाव बरा असला की जात वर येते. नोव्हेंबरात भाव चढे होते हे विसरू नका.

निफाडचा शेतकरी:
सुरगाण्याच्या भावाचं मान्य, कांदा पट्टा म्हणजे आख्खा मतदारसंघ नाही. पण येवलेकर, भाव चढला तेव्हा उन्हाळ कांदा किती जणांच्या चाळीत उरला होता? बहुतेकांचा आधीच गेलेला. आणि राग फक्त भावाचा नव्हता हो. बंदी लागली तेव्हा लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा हायवेवर रास्ता रोको झाला, तरी दिल्ली हलली नाही. वर एप्रिलात गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला 2000 टनांची परवानगी, आमचा कांदा तसाच अडकलेला. 4 मे ला बंदी उठवली ती पण टनाला 550 डॉलरचा किमान निर्यात दर आणि 40 टक्के निर्यात शुल्क लावून, आमचं मतदान 20 मे ला. हे दिसत नाही का लोकांना?

येवलेकर:
दिसतं ना, म्हणूनच विचारतो. सप्टेंबरात किमान दर काढला पण शुल्क 20 टक्के ठेवलंच होतं, ते डोक्यावर असताना सहा जागा दिल्या. मग ते शुल्क निघालं कधी, 1 एप्रिल 2025 ला, निकालानंतर चार महिन्यांनी. तोवर लाल कांदा मार्केटला येऊन गेला. तुम्ही म्हणता हिशोब वेगळे ठेवले, पण मुंबईत आणि दिल्लीत पक्ष तेच बसलेत. आमदाराला मत देताना शुल्काचं विचारायचं नाही असं आपणच ठरवलं तर तो दिल्लीला भांडायला जाईल कशाला?

चांदवडची सून:
जाणार नाहीच. पण प्रचाराला आले तेव्हा शुल्काचं विचारलं का कोणी? आमच्या गल्लीत प्रचाराच्या तीन गाड्या येऊन गेल्या, पुरुष मंडळी सगळी हार घालायला पुढे होती.