नॉकआउट उंदरांवरचे जुने निष्कर्ष बाद धरायचे का?

शंकासूर: नॉकआउट म्हणजे एक जनुक बंद करायचं आणि उंदरात जो फरक दिसेल तो त्याच्या नावावर खपवायचा, हे वर्षानुवर्षं चाललंय. कास्पेज-१ बघा, दाह पेटवणाऱ्या विकराचं जनुक. ते बंद केलेले उंदीर जिवाणूंच्या विषाचा जबर डोस पचवायचे. श्रेय कास्पेज-१ ला. २०११ मध्ये उघड झालं की हे उंदीर '१२९' नावाच्या उंदरांच्या वाणाच्या मूलपेशींतून घडवलेले, आणि त्या वाणात कास्पेज-११ हे त्याच कुळातलं जनुक आधीच मोडकं! डीएनएची ५ अक्षरं गळालेली. उंदीर वाचत होते ते त्यामुळे. १२९ मधून आलेला प्रत्येक निष्कर्ष पुन्हा तपासेपर्यंत बाद धरा.

पिंजरेवाला: सुक्याबरोबर ओलंही जाळताय. ब्लॅक-६ या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या वाणाशी १० पिढ्या संकर केला की १२९ चा अंश जेमतेम ०.१ टक्का उरतो.

शंकासूर: तो हिशेब दूरच्या जनुकांचा. निवड आपण बंद केलेल्या जनुकाची करतो, म्हणून त्याच्या आजूबाजूचा १२९ चा तुकडा पिढ्यानपिढ्या सोबत येतो. कास्पेज-१ आणि ११ तर ९व्या गुणसूत्रावर खेटून बसलेत. शेपटीचं टोक कापून पीसीआर करता, म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याच्या प्रती काढता, जेलवर हवी ती पट्टी दिसली की खूश. शेजारी काय मोडलंय ते ती पट्टी सांगते का?

पेशीपाल: क्रिस्पर या जनुक-कात्रीने थेट ब्लॅक-६ च्या फलित अंड्यात बदल करा, मिटला प्रश्न.

शंकासूर: कुठला ब्लॅक-६? त्याच्याच ६जे या उपवाणामध्ये एनएनटी जनुक तुटकं, ६एन मध्ये डोळ्याच्या पडद्याचा आरडी८ दोष. एकावर प्रयोग आणि दुसरा तुलनेला, असं सर्रास होतं.

पिंजरेवाला: म्हणूनच तुलनेला त्याच वेतातली भावंडं घ्यायची.

शंकासूर: दूरच्या जनुकांपुरतं मान्य. पण निरोगी भावंडात तो शेजारचा तुकडा ब्लॅक-६ चा असतो, नॉकआउटमध्ये १२९ चा. फरक तिथेच राहिला की!

पिंजरेवाला: हा मुद्दा बिनतोड, मागे घेतो. तरी 'बाद' नको. २०११ च्याच कामात त्या उंदरांत चालू कास्पेज-११ परत घातलं, तेव्हा ते विषाने मेले. पण आयएल-१ बीटा हे दाहाचा संदेश देणारं प्रथिन तयार व्हायला कास्पेज-१ लागतं, हा जुना निष्कर्ष टिकला. तुमच्या नियमाने तोही गेला असता.

शंकासूर: गेला नसता, रांगेत थांबला असता.

पिंजरेवाला: आणि तोवर त्यावर उभं असलेलं काम?