एचईक्यू५ माउंट ईक्यूमॉडला जोडताना टाइमआउट

प्रश्न:
स्काय-वॉचर एचईक्यू५ (दुर्बीण फिरवणारं मोटरवालं माउंट) आहे, लॅपटॉपवर विंडोज. अ‍ॅस्कॉम प्लॅटफॉर्म (दुर्बिणीची उपकरणं पीसीशी जोडणारं सॉफ्टवेअर) आणि ईक्यूमॉड (माउंट पीसीवरून चालवणारा ड्रायव्हर) टाकलंय. हँडसेटची (माउंटच्या हातातल्या रिमोटची) सिरियल केबल यूएसबी कन्व्हर्टरला लावली, पण कनेक्ट केलं की टाइमआउट. हँडसेट काढून तीच केबल थेट माउंटला लावू का?

प्रतिसाद १:
अजिबात नको! आरएस-२३२ चा (म्हणजे या सिरियल केबलचा) सिग्नल साधारण ±12 व्होल्टपर्यंत जातो, माउंटचा बोर्ड 5 व्होल्टच्या टीटीएल सिग्नलवर चालणारा. बोर्ड जळेल. मधलं रूपांतर हँडसेट करतो. टाइमआउट येतोय कारण हँडसेट 'पीसी डायरेक्ट' मोडमध्ये (पीसीच्या आज्ञा तशाच माउंटला पोचवणाऱ्या) नाही. युटिलिटी मेनूत जाऊन तो चालू करा. खरं तर ईक्यूडायर केबल (व्होल्टेजचं रूपांतर स्वतःच करून पीसी थेट माउंटला जोडणारी) घेऊन हँडसेट बाजूलाच ठेवलेला बरा.

प्रतिसाद २:
त्याआधी डिव्हाइस मॅनेजर उघडा. कन्व्हर्टरवर पिवळा त्रिकोण आणि 'कोड 10' असेल तर बहुधा आतली प्रोलिफिक चिप नकली किंवा जुनी आहे. एफटीडीआय चिपवाला घ्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसतो तोच कॉम नंबर (पोर्टचा क्रमांक) ईक्यूमॉडमध्ये द्या, बॉड रेट (सिरियल जोडणीचा वेग) 9600.

प्रश्नकर्ता:
पीसी डायरेक्टने जोडलं गेलं, आभार. पण गोटू (ताऱ्याकडे आपोआप वळण्याची आज्ञा) दिला की दुर्बीण ताऱ्यापासून बरीच लांब थांबते.

प्रतिसाद १:
लॅपटॉपचं घड्याळ, टाइमझोन आणि रेखांशाचं पूर्व-पश्चिम तपासा. वेळेत एक तासाची चूक म्हणजे विषुवांशात (ताऱ्याच्या आकाशातल्या पूर्व-पश्चिम स्थानात) 15 अंशांचा फरक. सुरू करताना काउंटरवेट (तोल साधणारं वजन) खाली आणि दुर्बिणीची नळी खगोलीय ध्रुवाकडेच हवी. वेगात फिरताना माउंटचा लाल दिवा लुकलुकला तर सप्लायचं व्होल्टेज पडतंय.