मदत हवी आहे : आजारपण, दुःख आणि श्रद्धा या विषयावर वाचन आणि अनुभव

नमस्कार मंडळी. मी वसईकडचा कॅथलिक धर्मगुरू. सध्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) कामातून अभ्यासरजा मिळाली आहे आणि दीर्घ आजारात माणसाच्या श्रद्धेचं काय होतं, हा विषय घेतला आहे.

बायबलमधल्या ईयोबाच्या, म्हणजे संकटं आणि आजार कोसळलेल्या माणसाच्या, ग्रंथापासून सुरुवात केली. त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री काही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसले. पुढे ते दुःखाची कारणं सांगू लागले आणि तिथेच सगळं बिघडलं. शेवटी देव रागावतो तो या कारणं सांगणाऱ्यांवर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही. रुग्णाच्या खाटेशी जाणाऱ्या प्रत्येकानं, आम्ही धर्मगुरूंनी तर नक्कीच, हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

दुसरा धागा तैलाभ्यंगाचा, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावून प्रार्थना करण्याच्या संस्काराचा. पूर्वी हा संस्कार बहुधा मरणाच्या दारातच दिला जाई. 1972 साली पोप सहावे पॉल यांनी नवा विधी मंजूर केला, तो गंभीर आजारी असलेल्या सगळ्यांसाठी. तरीही फादर तेल घेऊन आले की घरचे घाबरतात.

1630च्या दुष्काळात घर उजाड झालेल्या तुकोबांचे अभंगही सोबत वाचायचे आहेत. कोणते आधी घेऊ, हे वारकरी मंडळींनी सांगावं.

कर्करोग, डायलिसिस किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा यांतून गेलेल्यांना विचारतो : त्या काळात कुणाचं कोणतं बोलणं आधार वाटलं आणि कोणतं टोचलं? धर्म कोणताही असो, श्रद्धा सुटली असली तरी लिहा. परिचारिका आणि डॉक्टरांनीही लिहावं. खासगी असेल तर मेसेज करा. नाव कुठेही येणार नाही.